सदोष हार्डवेअर आणि कर्नल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, जो हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामध्ये काम करतो. इथली बहुतेक उदाहरणं लिनक्स कर्नलमधली आहेत, कारण त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. फ्रीबीएसडी आणि विंडोज या ऑपरेटिंग सिस्टममध्येही सदोष उपकरणांच्या अशाच याद्या आणि अशाच युक्त्या आहेत. फाइलींची आणि पॅरामीटरची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच लागतील.

सदोष हार्डवेअर म्हणजे बिघडलेलं हार्डवेअर का?

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुढची सगळी उत्तरं या फरकावर उभी आहेत.

काही उपकरणं मुळातच चुकीची बनलेली असतात. त्या मॉडेलचा प्रत्येक नग त्याच परिस्थितीत तीच चूक करतो. असा दोष ओळखता येतो, नोंदवता येतो आणि त्याला वळसा घालता येतो. दुसऱ्या प्रकारात उपकरण बनलं होतं नीट, पण आता खराब होत चाललंय: रॅमचा एखादा सेल गेला, डिस्कचे सेक्टर वाचले जाईनात, सोल्डर सैल झाला. इथे उद्याची चूक आजच्यासारखीच असेल याची खात्री नसते. कर्नल अशा वेळी खराब भाग बाजूला काढतो आणि तुम्हाला सावध करतो. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

कुठल्याही तक्रारीत सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच: याच मॉडेलच्या दुसऱ्या नगातही हे होतं का?

चूक हार्डवेअर बनवणाऱ्याची, मग निस्तरायची कर्नलने का?

कारण चिप एकदा विकली गेली की परत येत नाही. काही उपकरणांचं फर्मवेअर (उपकरणाच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर) बदलता येतं, पण बनवणाऱ्याने ते काढायला हवं, वापरणाऱ्याने ते घालायला हवं, आणि बऱ्याचदा यातलं काहीच होत नाही. कर्नल मात्र नियमित अपडेट होतो. शिवाय वापरणाऱ्याच्या दृष्टीने काल चालणारं यंत्र कर्नल बदलल्यावर चालेनासं झालं, तर दोष कर्नलचाच असतो. लिनक्समध्ये हा नियम फार कडक पाळला जातो. नवीन कर्नलने एखादी वीजबचतीची सोय सुरू केली आणि त्यामुळे एका उपकरणातला जुना, झाकलेला दोष उघडा पडला, तर त्या उपकरणापुरती सोय बंद ठेवणं ही कर्नलची जबाबदारी मानली जाते. मला हे तत्त्व अगदी योग्य वाटतं. ज्याने पैसे देऊन यंत्र घेतलं, त्याला चिपच्या डिझाइनमधली चूक कुणाची हे समजून काय करायचंय?

समोरचं उपकरण दोषी आहे हे कर्नलला कळतं कसं?

बहुतेक वेळा नावावरून. पीसीआय (मदरबोर्डवरच्या कार्डांची जोडणी) आणि यूएसबी उपकरणं आपला उत्पादक क्रमांक आणि उत्पादन क्रमांक सांगतात. प्रोसेसर आपली फॅमिली, मॉडेल आणि स्टेपिंग (त्याच चिपची आवृत्ती) सांगतो. साटा जोडणीच्या डिस्कच्या बाबतीत मॉडेलचं नाव आणि फर्मवेअरची आवृत्ती जुळवून पाहिली जाते. लॅपटॉप आणि मदरबोर्डसाठी फर्मवेअरने दिलेल्या डीएमआय तक्त्यातलं उत्पादकाचं आणि मॉडेलचं नाव वापरतात.

अडचण तेव्हा येते, जेव्हा उपकरण आपली ओळखच खोटी सांगतं. सीएसआर कंपनीच्या ब्लूटूथ डाँगलचा क्रमांक ०ए१२:०००१ आहे. हाच क्रमांक लावून असंख्य नकली डाँगल विकले गेले, आणि त्यातले कितीतरी खऱ्या चिपला येणाऱ्या कमांडवर अडखळतात. क्रमांक सारखाच, म्हणून नुसत्या क्रमांकावरून निवाडा होत नाही. मग बीटीयूएसबी हा ब्लूटूथचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कर्नलचा भाग) त्यांची उलटतपासणी घेतो: उत्पादकाचा कोड, ब्लूटूथची आवृत्ती, फर्मवेअरची उपआवृत्ती हे सगळं एकमेकांशी जुळतं का? खऱ्या चिपमध्ये अशक्य असलेली जोडी दिसली की डाँगल नकली ठरतो आणि त्याला न झेपणाऱ्या कमांड वगळल्या जातात. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याचा हेडफोन जोडला जातो.

क्वर्क म्हणतात ते नेमकं काय असतं आणि कधी चालतं?

ठरावीक उपकरण दिसलं की ठरावीक वागणूक बदलायची, अशी नोंद म्हणजे क्वर्क. कधी तो एक झेंडा, म्हणजे हो-नाही सांगणारी खूण, असतो, कधी छोटं फंक्शन.

पीसीआयसाठी लिनक्समध्ये एक अख्खी फाइल आहे, ड्रायव्हर्स/पीसीआय/क्वर्क्स.सी. तिथलं प्रत्येक फंक्शन कोणत्या टप्प्यावर चालायचं हे ठरलेलं असतं. ‘अर्ली’ टप्पा उपकरणाचे पत्ते आणि इतर गोष्टी वाचण्याआधी येतो, ‘हेडर’ टप्पा कॉन्फिगरेशन हेडर वाचल्यावर, ‘फायनल’ ड्रायव्हर जोडला जाण्याआधी. ‘एनेबल’, ‘सस्पेंड’ आणि ‘रिझ्यूम’ असेही टप्पे आहेत. टप्पा चुकला तर बरोबर लिहिलेला क्वर्कही कुचकामी ठरतो. उपकरण आपल्या मेमरीचा आकार चुकीचा सांगत असेल, तर पत्त्यांचं वाटप झाल्यावर तो दुरुस्त करून उपयोग नाही. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर चिप मूळ चुकीच्या अवस्थेत परत जात असेल, तर तीच दुरुस्ती ‘रिझ्यूम’मध्येही लावावी लागते. बूटला सगळं चालतं आणि झोपेतून उठल्यावर बंद पडतं, अशा तक्रारींमध्ये ही शक्यता आधी तपासावी.

यूएसबी स्टोरेजसाठी ‘अनयूज्वल डेव्ह्ज’ नावाची वेगळी हेडर फाइल आहे. तिच्यातल्या नोंदी आणि त्यांवरच्या टिपणी वाचणं हे ड्रायव्हर लिहू पाहणाऱ्या कुणासाठीही उत्तम शिक्षण आहे. उपकरणं किती तऱ्हांनी चुकू शकतात याची कल्पना तिथे येते.

प्रोसेसरच चुकत असेल तर? कोड तर त्याच्यावरच चालतो.

दोष कुठे आहे त्यावर अवलंबून आहे.

१९९४ चा पेंटियमचा भागाकाराचा दोष घ्या. गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना तो सापडला. भागाकारासाठी चिपमध्ये असलेल्या तक्त्यातल्या काही नोंदी गहाळ होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की चौथ्या दशांश स्थळापासून उत्तर चुकायचं. ३२-बिट लिनक्स हाच भागाकार करून दोष तपासायचा आणि निकाल सीपीयूइन्फो या प्रोसेसरच्या माहितीच्या फाइलीत दाखवायचा. पण दुरुस्ती त्याच्या हातात नव्हती. भागाकाराची सूचना वापरणाऱ्याचा प्रोग्राम थेट प्रोसेसरला देतो, कर्नल मध्ये येतच नाही. म्हणून वळसा कंपायलरमध्ये (कोडचं प्रोसेसरच्या सूचनांमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये) घालावा लागला आणि चिप बदलून द्याव्या लागल्या. इंटेलने त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवला.

१९९७ चा एफ-००-एफ दोष मात्र कर्नलच्या आवाक्यातला होता. कोणताही साधा प्रोग्राम एक अवैध सूचना देऊन पेंटियम ठप्प करू शकत होता. प्रोसेसर ती अवैध आहे हे ओळखायचा, पण बस (मेमरीकडे जाणारी वाट) अडवून ठेवलेल्या स्थितीतच इंटरप्टच्या (काम थांबवून लक्ष द्यायला लावणाऱ्या इशाऱ्यांच्या) तक्त्याकडे धाव घ्यायचा आणि तिथेच अडकायचा. यावरचा तोडगा मला आजही सुंदर वाटतो: तो तक्ता मेमरीच्या फक्त-वाचनीय पानावर ठेवायचा. त्यामुळे हँडलरपर्यंत (चूक हाताळणाऱ्या कोडपर्यंत) पोचण्याआधीच पेज फॉल्ट (मेमरीचं पान हवं तसं वापरता न आल्याचा इशारा) येतो, बसचं कुलूप सुटतं, आणि खरं कारण अवैध सूचना होतं हे कर्नल मागाहून ओळखून त्या प्रोग्रामला थांबवतो. एका चुकीच्या वाटेवर दुसरा, नीट चालणारा अडथळा ठेवून यंत्र वाचवलं.

काही दोष तर कोडच्या मांडणीशी निगडित असतात. एआरएमच्या कॉर्टेक्स-ए५३ प्रोसेसरमध्ये ८४३४१९ क्रमांकाचा दोष आहे: ठरावीक सूचना ४ केबी पानाच्या अगदी शेवटी आली आणि तिच्यापाठोपाठ ठरावीक क्रम आला तर पत्ता चुकू शकतो. इथे लिंकरलाच (कोडचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामला) सांगतात की तशी जुळणी होऊ देऊ नकोस. कर्नलचे मॉड्यूल, म्हणजे हवे तेव्हा जोडायचे भाग, मागाहून लोड होतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते.

याशिवाय मायक्रोकोड आहे, म्हणजे प्रोसेसरच्या आतला बदलता येणारा कोड. तो वीज गेली की पुसला जातो, म्हणून प्रत्येक बूटला लवकरात लवकर पुन्हा भरावा लागतो. मायक्रोकोडने न भागणाऱ्या गोष्टी कर्नल स्वतःवर घेतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरचा सुरक्षा-दोष जाहीर झाला तेव्हा कर्नलची आणि प्रोग्रामची पेज टेबलं (मेमरीच्या पत्त्यांचे तक्ते) वेगळी करावी लागली, आणि प्रत्येक सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) त्यामुळे थोडा महागला. तुमच्या यंत्रावर कोणते उपाय चालू आहेत हे सिस-एफएस या कर्नलच्या माहितीच्या फाइलींमधल्या सीपीयूच्या ‘व्हल्नरेबिलिटीज’ फोल्डरमध्ये दिसतं.

प्रोसेसरचा एखादाच कोअर चुकीची उत्तरं देतो, असं खरंच होतं का?

होतं. गूगलच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये मांडलं की हजारो यंत्रांमागे काही मोजके कोअर अधूनमधून गुपचूप चुकीचं गणित करतात. क्रॅश नाही, संदेश नाही, फक्त चुकीचं उत्तर. असा कोअर सापडला तर तो सिस-एफएसमधून ऑफलाइन करता येतो. पण तो सापडणं हेच अवघड, आणि सापडेपर्यंत त्याने काय काय बिघडवलं हे कळायला मार्ग नसतो.

रॅमचा छोटासा भाग खराब आहे. सगळी पट्टी टाकून द्यावी लागेल?

लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर ‘टाकून द्या’ हा सल्ला तसाही निरुपयोगी आहे, म्हणून नीट सांगतो.

आधी खराब पत्ते शोधा. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. ‘मेमटेस्ट’ नावाचं कर्नल पॅरामीटरही (बूटच्या वेळी कर्नलला द्यायची सूचना) आहे. तो पर्याय बांधणीत चालू असेल तर कर्नल बूट होतानाच रॅम तपासतो आणि चुकणारे भाग राखीव करून वापरातून काढतो. पत्ते माहीत असतील तर ‘मेममॅप’ पॅरामीटरने तेवढा पट्टा राखीव करता येतो. त्यात डॉलरचं चिन्ह येतं, आणि ग्रब या बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या कॉन्फिगरेशनमध्ये ते एस्केप केलं नाही (साधं अक्षर म्हणून खुणावलं नाही) तर गिळलं जातं. पॅरामीटर लावलं तरी फरक पडला नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी प्रॉक-एफएसमधल्या ‘सीएमडीलाइन’मध्ये ते जसंच्या तसं पोचलंय का ते पाहावं. राखीव पट्टा सापडलेल्या पत्त्यापेक्षा थोडा मोठा ठेवा. चुकीचे पत्ते दर चाचणीत वाढत असतील, तर ती रॅम सोडा.

ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखणारी रॅम, असेल तर कर्नलकडे जास्त माहिती येते. दुरुस्त झालेल्या चुका एकाच पानावर वारंवार येऊ लागल्या, तर त्यातला मजकूर दुसरीकडे हलवून ते पान निवृत्त करता येतं. दुरुस्त न होणारी चूक आली तर २.६.३२ पासूनची हार्डवेअर पॉयझनची यंत्रणा ते पान विषारी ठरवते. पान फाइलच्या न बदललेल्या प्रतीचं असेल तर फेकून देऊन डिस्कवरून परत वाचलं जातं. प्रोग्रामचा स्वतःचा डेटा त्यात असेल तर तो प्रोग्राम बंद केला जातो. पान कर्नलच्या स्वतःच्या वापरातलं असेल, तर बऱ्याचदा काही करता येत नाही.

डिस्क किंवा एसएसडी मधूनच गायब होते, लॉगमध्ये रीसेट दिसतात. हा क्वर्कचा विषय आहे का?

असू शकतो, पण इथे घाई महाग पडते. डेटा पणाला लागलेला असतो, म्हणून सगळ्यात आधी बॅकअप. त्यानंतर केबल, वीजपुरवठा आणि पोर्ट बदलून पाहा. यूएसबी डिस्कला पुरेशी वीज मिळत नसली की लक्षणं हुबेहूब सदोष चिपसारखी दिसतात.

बाहेरून जोडलेल्या डिस्कमध्ये यूएसबी आणि साटा यांना जोडणारी ब्रिज चिप असते, आणि दोष पुष्कळदा तिच्यात असतो. यूएएस हा वेगवान प्रोटोकॉल काही ब्रिजना झेपत नाही. ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स’ या पॅरामीटरला उत्पादक क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि ‘यू’ अक्षर दिलं की तेवढ्या उपकरणासाठी यूएएस बंद होतो. वेग कमी होतो, डिस्क टिकून राहते.

एनव्हीएमई (पीसीआयवरून जोडलेल्या) एसएसडीमध्ये वीजबचत हा नेहमीचा संशयित. ड्राइव्ह गाढ झोपेत जातो आणि उठतच नाही. अलीकडचे कर्नल अशा वेळी ‘डीफॉल्ट पीएस मॅक्स लेटन्सी’ शून्य करून आणि एएसपीएम (पीसीआय जोडणीची वीजबचत) बंद करून पाहा, असं लॉगमध्येच सुचवतात. ते करून बघावं आणि फरक पडला तर कळवावं.

साटामध्ये एनसीक्यू (कमांड रांगेत लावण्याची सोय) आणि रांगेतला ट्रिम (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवणारी कमांड) यांवरून बरंच रामायण झालंय. सॅमसंगच्या ८४० आणि ८५० मालिकांसह अनेक एसएसडींसाठी रांगेतला ट्रिम कर्नल बंद ठेवतो. पुढे ८६० आणि ८७० बद्दल दिसलं की एएमडी-एटीआयच्या काही साटा कंट्रोलरसोबत त्यांचा त्रास जास्त होतो, म्हणून तिथे त्या जोडीपुरतं एनसीक्यूच बंद केलं. दोष कधी कधी असा दोघांच्या संगतीत असतो. प्रत्येक जण वेगळा तपासला तर निर्दोष.

उलट उदाहरणही लक्षात ठेवायला हवं. २०१५ मध्ये एसएसडीवरचा डेटा खराब होण्याचं खापर सॅमसंगच्या ड्राइव्हवर फुटलं. कंपनीच्या अभियंत्यांनी खोलात जाऊन शोधलं, तेव्हा दोष कर्नलच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या भागात) ट्रिमचे तुकडे पाडणाऱ्या कोडमध्ये निघाला. त्यांनीच दुरुस्ती पाठवली.

शेवटचं, फिरत्या डिस्कबद्दल. कर्नल एका कमांडसाठी साधारण ३० सेकंद थांबतो. घरगुती डिस्क खराब सेक्टर वाचायचा प्रयत्न त्याहून जास्त वेळ करू शकते. मग कर्नल कंटाळून लिंक रीसेट करतो आणि रेडमधून अख्खी डिस्क बाहेर पडते, जिथे प्रश्न एका सेक्टरचा होता. डिस्क ऐकत असेल तर ‘स्मार्टसीटीएल’ कमांडने तिची मर्यादा ७ सेकंदांवर आणा. ऐकत नसेल तर सिस-एफएसमधून कर्नलची मुदत वाढवा.

‘नोबडी केअर्ड’ असा संदेश इंटरप्टबद्दल येतो. काय करायचं?

एखादी इंटरप्ट लाइन वाजत राहते आणि कुठलाच ड्रायव्हर ती आपली म्हणत नाही. १,००,००० पैकी ९९,९०० हून जास्त इंटरप्ट बेवारस निघाले की कर्नल ती लाइन बंद करतो, नाहीतर प्रोसेसर त्यातच बुडून जाईल. त्या लाइनवर इतर उपकरणं असतील तर तीही मंदावतात किंवा थांबतात. ‘आयआरक्यूपोल’ पॅरामीटरने तात्पुरतं काम चालतं. कायमच्या उपायासाठी लाइन कोण वाजवतंय हे मॉड्यूल एकेक काढून शोधा. एमएसआय (लाइनऐवजी संदेशाने दिलेला इंटरप्ट) वापरणारी उपकरणं या भानगडीतून सुटतात, पण एमएसआयच सदोष असलेलीही आहेत.

घड्याळाचाही क्वर्क असतो?

असतो. टीएससी (प्रोसेसरमधलं घड्याळ) अस्थिर वाटला तर दर अर्ध्या सेकंदाला दुसऱ्या घड्याळाशी ताळा घेणारा वॉचडॉग त्याला काढून एचपीईटी या प्रोसेसरबाहेरच्या घड्याळासारखा पर्याय निवडतो. पर्याय बराच संथ असतो, त्यामुळे वेळ सतत विचारणारे प्रोग्राम रेंगाळतात.

बायोस (बूटचं फर्मवेअर) किंवा एसीपीआय (त्याने कर्नलला दिलेले हार्डवेअरचे तक्ते) चुकीची माहिती देत असेल तर?

कर्नल लॉगमध्ये ‘फर्मवेअर बग’ असा शिक्का मारून पुढे जातो. दोष गंभीर असेल तर कर्नलच्या टेंट झेंड्यांमध्ये (काही गडबड झाल्याच्या खुणांमध्ये) ‘आय’ लागतो, म्हणजे फर्मवेअरच्या दोषाला वळसा घातला आहे. मशीन चेक (प्रोसेसरने कळवलेली हार्डवेअरची चूक) आलेला असेल तर ‘एम’. लॉग वाचताना ही अक्षरं आधी पाहावीत, अर्धं निदान तिथेच होतं.

एसीपीआयमध्ये एक गंमतशीर पेच आहे. फर्मवेअर विचारतं, तू कुठली प्रणाली? लिनक्स ‘विंडोज’ला हो म्हणतो आणि ‘लिनक्स’ला नाही. कारण उत्पादकांनी विंडोजची वाट तपासलेली असते. लिनक्ससाठीची वाट कुणी चालवूनच पाहिलेली नसते. ‘एसीपीआय-ओएसआय’ पॅरामीटरने हे उत्तर बदलता येतं, पण ते निदानापुरतंच बरं.

स्वतः तपासायला सुरुवात कुठून करू?

कर्नलच्या लॉगमधला (डीमेसेज कमांडने दिसणारा) पहिला विचित्र संदेश शोधा. त्यानंतरचे संदेश बहुधा त्याचेच परिणाम असतात. एलएसपीसीआय किंवा एलएसयूएसबी या कमांडने उपकरणाचे क्रमांक टिपून घ्या. मग एका वेळी एकच पॅरामीटर बदला. एकदम पाच पॅरामीटर लावून यंत्र चालू झालं की लोक खुश होऊन थांबतात, आणि नको असलेले चार कायमचे राहून वीज खातात.

जुना कर्नल चालत होता आणि नवा चालत नाही, असं असेल तर गिट बायसेक्ट करा, म्हणजे दोन्हींमधले बदल निम्मे-निम्मे करत तपासा. हजारो बदलांमधून दहा-पंधरा बूटमध्ये नेमका बदल हाती येतो. वेळ लागतो, पण अशा तक्रारीला विकसक लगेच हात घालतात.

ड्रायव्हर लिहिताना काय सांभाळावं?

उपकरणाकडून आलेल्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका. उपकरण म्हणालं की पॅकेट ९,००० बाइटचं आहे, तर बफर तेवढा आहे का ते तपासा. कुठलाही बिट ‘होईपर्यंत’ थांबणारा लूप मुदतीशिवाय लिहू नका. पीसीआय उपकरण बसवरून गेलं की प्रत्येक वाचनात सगळे बिट एक येतात. ते खरं मूल्य मानून पुढे गेलात तर त्रुटीचे सगळे झेंडे एकदम उभे दिसतील आणि ड्रायव्हर नको त्या वाटेला लागेल. आयओएमएमयू (उपकरणांना मेमरीचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारं हार्डवेअर) चालू असेल तर भलत्या पत्त्यावरचं डीएमए (उपकरणाने थेट मेमरीत केलेलं लिखाण-वाचन) तिथेच अडतं, म्हणून निदान चाचणी करताना तो बंद ठेवू नका.

कर्नलमुळे चांगलं हार्डवेअर खराब होऊ शकतं?

दुर्मीळ, पण झालेलं आहे. २००८ मध्ये २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांवर इंटेलच्या ई१०००ई नेटवर्क कार्डांमधला कायमस्वरूपी मजकूर पुसला जात होता. संशय ड्रायव्हरवर होता. कारण निघालं डायनॅमिक एफ-ट्रेस, म्हणजे कर्नलची फंक्शन कधी चालतात याचा माग ठेवणारी सोय. मोकळ्या झालेल्या कोडच्या जागी तो लिहायला जायचा, आणि तोवर त्या पत्त्यावर कार्डाची मेमरी जोडलेली असायची. त्यानंतर ड्रायव्हरने तो भाग लिखाणासाठी कुलूपबंद केला. यूईएफआय या बूटच्या फर्मवेअरचे व्हेरिएबल (साठवलेली सेटिंग) पुसले की काही यंत्रं बूटच होत नाहीत हे दिसल्यावर, २०१६ मध्ये ४.५ पासून त्यातले बहुतेक व्हेरिएबल आधी संरक्षण काढल्याशिवाय पुसता येत नाहीत.

उलट दिशेलाही मर्यादा आहे. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे झीज होत असल्याचं पुढे आलं. मायक्रोकोडने पुढची झीज रोखली. जे प्रोसेसर आधीच झिजले होते त्यांना बदलण्यावाचून इलाज नव्हता.

क्वर्कचा पॅच (कोडमधला बदल) पाठवायचा आहे. काय लिहू?

शक्य तितका अरुंद पॅच लिहा. एका मॉडेलचा दोष असताना अख्ख्या उत्पादकाला लावलेला क्वर्क चांगल्या उपकरणांचा वेग आणि बॅटरी खातो, आणि त्याची तक्रार कधीच येत नाही, कारण सगळं ‘चालत’ असतं. फर्मवेअरच्या आवृत्तीवर मर्यादा घालता येत असेल तर घाला.

पॅचच्या संदेशात लक्षण लिहा, लॉगच्या मूळ ओळी द्या, उपकरणाचे क्रमांक द्या, किती नगांवर पाहिलं ते सांगा. क्वर्क लावल्यावर काय गमावलं जातं तेही लिहा. उत्पादकाच्या इरेटाचा (जाहीर केलेल्या दोषाचा) क्रमांक असेल तर तो नक्की द्या. ‘यामुळे माझ्याकडे चालतं’ एवढ्यावर पाठवलेला पॅच परत येतो, आणि यावंच. पुढच्या माणसाला ती ओळ कशासाठी आहे हे कळलं नाही, तर तो ती काढायला कधीच धजावणार नाही.

नवं फर्मवेअर आलं, आता क्वर्क काढतात का?

सहसा नाही. जुन्या फर्मवेअरचे नग वापरात असतात आणि ते सगळे अपडेट झाले हे कुणी सांगू शकत नाही. नोंदीत आवृत्तीची मर्यादा असेल तर नव्या फर्मवेअरचे नग आपोआप सुटतात. मर्यादा नसेल आणि नवं फर्मवेअर निर्दोष आहे हे तुम्ही चाचणीने दाखवू शकत असाल, तर ती मर्यादा घालणारा पॅच पाठवा. असे पॅच फार कमी येतात, आणि आले की स्वागतच होतं.